अठ्ठेचाळीस भोकांचं पातेलं

चंद्रव्वांनी पातेलं उचलून खिडकीसमोर धरलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर उन्हाचे अठ्ठेचाळीस ठिपके पडले.

"नंदीश!"

"अव्वा, ते पातेलं नाही आता. घुमट आहे तो." आतल्या खोलीतून मुलाचं उत्तर आलं.

"घुमट तुझ्या आज्ज्याच्या समाधीवर बांध की! तीस माणसांची आमटी व्हायची ह्यात. आता काय करू? गहू चाळू? आन् बुडाला हे एवढं थोरलं भोक कसलं?"

"तिथून कॅमेरा बघतो."

"झाकण तेवढं शाबूत हाय," नंदीशच्या वडिलांनी, मल्लप्पांनी, पेपरामागून कळवलं. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या घडामोडींवर पेपर खाली न करताच मत देत.

नंदीश कलशेट्टी एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. गेल्या महिन्यात त्यानं तीन दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला होता. विषय होता, लहान वस्तूंच्या छायाचित्रणासाठी संगणकाच्या मदतीनं प्रकाशयोजना. वर्गात शिकवलेलं अजून काहीच केलेलं नव्हतं, पण प्रमाणपत्र फ्रेम होऊन बैठकीत लागलं होतं. आता संधी चालून आली होती, आणि ती नेमकी चांदीची होती.

झालं होतं असं. नंदीशची धाकटी बहीण सोनाली हिचा महिन्यापूर्वी अक्कलकोटच्या बसवेश बिराजदारशी साखरपुडा झाला. त्यात होणाऱ्या सासूबाईंनी, महानंदाबाईंनी, तिच्या ओटीत चांदीचा कुंकवाचा करंडा घातला आणि माइक नसताना माइकवर बोलल्यासारखं सांगितलं, "आमच्या आजेसासूबाईंचा हाय. शंभर वर्षांचा." मांडवभर बायकांनी "अय्या" केलं. चंद्रव्वांच्या जावेनं तर तिथंच विचारलं, "चंद्रव्वा, तुमच्याकडं असलं जुनं काय हाय ओ?" चंद्रव्वांनी बसवेशला नवाकोरा मिक्सर दिला होता. त्यांनी मान खाली घातली.

पण पोरगी शंभर वर्षांच्या घरात चालली होती, हे जगाला कळायला हवं होतं. म्हणून करंड्याचा फोटो लग्नपत्रिकेवर पुढच्याच पानावर छापायचं ठरलं.

मोबाइलनं काढलेल्या पहिल्या फोटोत करंड्याच्या चकचकीत पोटावर नंदीशचं नाक आलं. दुसऱ्यात मल्लप्पा बनियनसह आले. तिसऱ्यात पुट्टी, म्हणजे नंदीश आणि राजेश्वरीची दीड वर्षांची मुलगी, आख्खी आली, तोंड उघडून. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, नवरा-नवरीच्या नावाखाली हे बनियनवाले काका कोण?"

त्यावर घुमट हा उपाय होता. पातेलं पालथं घालायचं, आत करंडा ठेवायचा. भोकाभोकातून बारीक दिवे बसवायचे. कॉम्प्युटर एकेक दिवा लावणार आणि दर दिव्याला एक फोटो काढणार. मग सगळे फोटो एकत्र करणार. त्यानंतर पडद्यावर माऊस फिरवला की चित्रातला उजेड फिरणार.

"कशाला पण?" चंद्रव्वांनी विचारलं.

हे त्यांना समजावलं सुनेनं, राजेश्वरीनं, आणि तिनं वर्ग केला नव्हता. बी.एस्सी. झालेल्या राजेश्वरीनं पुट्टी रांगायला लागल्यापासून जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार मानले होते, पुट्टीच्या तोंडात मावणाऱ्या आणि न मावणाऱ्या. ती रोज संध्याकाळी फरशीवर गाल टेकवून, बॅटरी आडवी धरून सांडलेलं काय काय शोधत असे. "आत्ती, वरून बॅटरी मारली की फरशी स्वच्छच दिसते बघा. आडवी धरली की शेंगदाण्याचं टरफलसुद्धा सावली टाकतं. तसंच आहे हे."

"मंजे घाण दिसती," चंद्रव्वा म्हणाल्या.

"बारीकसारीक दिसतं, अव्वा," नंदीश दुखावून म्हणाला.

शुक्रवारी दुपारी खिडक्यांना दोन चादरी टांगून अंधार केला. वाऱ्यानं वायरी हलतात म्हणून पंखाही बंद केला. सोलापुरात मार्चमध्ये पंखा बंद करणं हा विज्ञानासाठी केलेला मोठाच त्याग होता. करंड्याचं झाकण पहिल्या प्रकारात मोडत असल्यामुळं राजेश्वरी पुट्टीला काखेत धरून पहाऱ्यावर उभी राहिली. टक, टक करत दिवे लागत गेले. अठ्ठेचाळीस झाले. मग कॉम्प्युटर विचारात पडला आणि तासभर पडलेलाच राहिला.

चित्र आलं तेव्हा मात्र सगळे पडद्याकडं सरकले. ना नाक, ना बनियन. झाकणावरची वेलबुट्टी नुसती उमलल्यासारखी दिसत होती.

"यव्वा! केवढं ग्वाड," चंद्रव्वांना पातेल्याचा विसर पडला.

नंदीशनं उत्साहात तिथल्या तिथं बसवेशला लिंक पाठवली. खाली लिहिलं, 'माऊस फिरवा, उजेड फिरेल. आईंनाही दाखवा.' बसवेश पुण्यात नोकरीला होता, पण शनिवार-रविवारला जोडून घरी आलेला होता.

"मला दे की दादा." सोनालीनं माऊस घेतला आणि उजेड सरकवत सरकवत चित्राच्या पार कडेला नेला. आडवा उजेड पडताच झाकणावरची गुळगुळीत जागा गुळगुळीत राहिली नाही. तिथं ठिपके उठले. ठिपक्यांची अक्षरं झाली. भांड्यांच्या दुकानात नाव घालायच्या यंत्रानं टर्रर्र करत पाडतात ना, तसली.

"सौ... चंद्रव्वा... म... कलशेट्टी... यांजकडून... सप्रेम," सोनालीनं वाचलं.

चंद्रव्वांनी चष्मा वर केला. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, माझं नाव! कॉम्प्युटरनं वळखलं बघ मला!"

पेपर चार बोटं खाली आला. "त्यानं न्हाय वळखलं. तू केमला दिलेला करंडा हाय त्यो."

खोलीत एकदम जास्तच उकडायला लागलं.

अडीच-तीन वर्षांपूर्वी चंद्रव्वांनी केम गावच्या मावसबहिणीकडं, तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला एक करंडा नेला होता. त्या सुनेचं माहेर अक्कलकोट. तिथून करंडा महानंदाबाईंकडं कसा गेला असेल, ते सांगायला कॉम्प्युटरची गरज नव्हती. मधे कुणीतरी सराफाकडून घासून नाव काढलं होतं. बोटाला लागत नव्हतं, डोळ्याला दिसत नव्हतं. आडव्या उजेडाला दिसलं.

"शंभर वर्षं!" चंद्रव्वांचा आवाज चढला. "तीन झाली न्हाईत अजून! आन् मी मान खाली घातली ओ सगळ्यांम्होरं! माझ्याच करंड्याम्होरं मान खाली घातली मी!"

"अव्वा, त्यांना काही बोलू नको हं," सोनाली रडवेली झाली.

"का? खोटारड्या घरात पोरगी देऊ?"

"मी त्या करंड्याशी लग्न करत नाहीये!"

"आता मोडतंच बघ हे. फिरव रे नंदीश तो करंडा. पोटावर बघ. आणखी कुणाकुणाचं नाव हाय ते कळू दे. सगळा पुरावा घिऊन जाते मी अक्कलकोटला."

"लिंक गेलीय त्यांना," नंदीश बारीक आवाजात म्हणाला.

तेवढ्यात सोनालीचा फोन वाजला. बसवेशचा मेसेज होता. 'मस्त फोटो. आई बघतेय.' मग दुसरा, 'आई स्वतः माऊस फिरवतेय.' मग तिसरा, 'आईने चष्मा मागितला.' त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही. शेवटी आला तो एवढाच, 'आम्ही उद्या सकाळी येतोय.'

सोनाली फ्रिजला टेकून खाली बसली. लग्न बरोबर एकवीस दिवसांवर होतं.

इकडं अठ्ठेचाळीस दिवे पुन्हा लागून विझले. या खेपेला माऊसवर राजेश्वरी होती, कारण तिच्याइतकं बारीक बघणारं त्या घरात कुणी नव्हतं. तिनं उजेड करंड्याच्या पोटावरून आडवा नेला आणि तिचा हात थांबला.

"काय हाय? वाच की," चंद्रव्वा म्हणाल्या.

"सौ. लीलावती. कुंभारी." राजेश्वरीनं मान वळवून सासूकडं पाहिलं. "आत्ती, हे माझ्या आईचं नाव आहे, आणि माझ्या माहेरचं गाव."

पेपर पुन्हा वर गेला. अगदी डोळ्यांच्या वर.

"माझ्या लग्नात आईनं तुम्हाला दिलेला करंडा हा. मी मागं विचारलं, तर तुम्ही म्हणालात लॉकरमध्ये ठेवलाय."

"ठेवलाच व्हता की," चंद्रव्वा जागच्या जागी पदर सारखा करत म्हणाल्या. "पण त्ये लॉकर लई दमट असतंय."

"म्हणून केमला पाठवला?"

"केमची हवा कोरडी हाय," पेपरामागून आवाज आला.

"तुमी गप बसा ओ!" चंद्रव्वा तिकडं ओरडल्या आणि मग सुनेकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आन् तुझ्या आईनं तरी कुटं नवा घेतला असंल? ईचार तिला."

राजेश्वरी तावातावानं स्वयंपाकघरात गेली आणि आईला फोन लावला. "आई, तो करंडा तू कुठून घेतला होतास गं?"

"आजीचा नव्हता का तो? आजीच्याच ट्रंकेतला. देताना नाव घालून घेतलं मी."

"आणि ट्रंकेत कुठून आला?"

फोनवर थोडा वेळ कुकरची शिट्टीच ऐकू आली. "ते विचारायचं राहिलं, आणि आजी गेली. आता तुझी आत्याच सांगू शकेल. का गं? तुझ्या सासूनं कुणाला दिला की काय?"

राजेश्वरीच्या जिभेवर सगळं आलं होतं. केम, डोहाळजेवण, दमट लॉकर, सगळं. दारात चंद्रव्वा उभ्या होत्या. ताट वाढून समोर कुणी जेवत नसलं की जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

"छे गं," राजेश्वरी म्हणाली. "लॉकरमध्ये आहे. सहज आठवलं."

तिनं फोन ठेवला. चंद्रव्वांनी पुट्टीला तिच्या काखेतून घेतलं आणि म्हणाल्या, "चा कर. दोघींना कर."

तळ बघायचा राहिला होता. पण नंदीशनं "आता उलटा ठेवतो" म्हटल्यावर दोघींनीही त्याला उठवून मेथी निवडायला बसवलं.

शनिवारी सकाळी महानंदाबाई आल्या. मागं केळीचा फणा घेऊन बसवेश. तो सोनालीकडं बघून हसला नाही, एवढ्यावरूनच तिनं ओळखायचं ते ओळखलं. चंद्रव्वा रात्रीच ठरवून बसल्या होत्या. आधी चहा, मग पोहे, मग करंडा. पण महानंदाबाईंनी चप्पल काढता काढताच तोंड उघडलं.

"विहीणबाई, करंडा देऊन महिना झाला न्हाय, आन् तुमी त्याच्यावर नाव घालून मोकळ्या?"

चंद्रव्वांनी पाठ केलेल्या भाषणात हे नव्हतं.

"मी? मी नाव घातलं?"

"मग कुणी? आमच्या आजेसासूबाईंनी? शंभर वर्षांपूर्वी त्यांना सपान पडलं व्हतं, की पुढं चंद्रव्वा कलशेट्टी म्हणून कुणी हुईल?"

"अवो, त्यो करंडा मी..." चंद्रव्वा म्हणाल्या आणि थांबल्या. केमचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार होता, केमला देण्याआधी तो कुठून आला. शेजारी सून उभी होती. सुनेच्या मागं कुंभारी उभी होती.

"काय तुमी? बोला की!"

"तुमीच सांगा की, तुमच्याकडं कधी आला त्यो!"

महानंदाबाईही थांबल्या. केमचं नाव त्यांनाही घ्यायचं नव्हतं. दोघी विहिणी एकमेकींकडं बघत राहिल्या. केम दोघींच्याही ओठांवर होतं, पण पहिली कोण उच्चारणार, हा प्रश्न होता.

"आई, नाव नवीन घातलेलं नाहीये. घासून काढलेलं आहे," बसवेश म्हणाला. "मी मोठं करून बघितलं."

"तू गप रं."

"हो, आणि पोटावरचं तर याच्याहून छान आलंय," नंदीश पुढं सरसावला. त्याला पहिल्यांदाच जाणकार प्रेक्षक मिळाला होता. "दाखवू?"

"नको!"

चंद्रव्वा आणि राजेश्वरी एकाच वेळी, एकाच पट्टीत ओरडल्या. चार वर्षांत त्या दोघींचं असं एकमत कधी झालेलं नव्हतं. पुट्टीनं दचकून तोंडातलं काहीतरी खाली टाकलं. राजेश्वरीनं झडप घालून बघितलं, तर मेथीची काडी होती.

"का नको? काय हाय पोटावर?" महानंदाबाईंना वास लागला.

"पोटावर काही नाही," राजेश्वरी घाईनं म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना. "तळ बघू. तळ राहिलाय अजून. ज्याचं त्याचं काय ते तळालाच असणार."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. तळाला तिच्या आजीचं किंवा आत्याचं नाव निघालं, तर सगळं कुंभारीच उजेडात येणार होतं.

पण आता माघार नव्हती. चादरी पुन्हा टांगल्या गेल्या. पंखा बंद झाला. दोन्ही घरची माणसं घाम पुसत पालथ्या पातेल्याभोवती बसली. टक, टक, टक. मग कॉम्प्युटरचा तासभर विचार चालला. त्या तासात पोहे झाले, चहा दोनदा झाला. मधे सोनालीनं बसवेशला "साखर हवी का?" विचारलं आणि त्यानं "चालेल" म्हटलं. आदल्या दुपारपासून दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

चित्र आलं. नंदीशनं उजेड आडवा केला.

"तळाला काही नाही," तो निराश होऊन म्हणाला. "नुसते ओरखडे. जिलेब्यांसारखे गोलगोल. ओरखडे पुसायचं बटण आहे, पुसून टाकतो, म्हणजे पत्रिकेला..."

"हात काढ, गाढवा!"

मल्लप्पांनी पेपर खाली ठेवला होता. घडी घालून. ते उठून पडद्यापाशी आले. ते कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. त्यांच्यानंतर त्या घरात कानडी बोलत सगळे होते, वाचत कुणी नव्हतं.

"अक्षरं हायत ती. गं... गव्वा." ते बोट फिरवत वाचू लागले. "गंगव्वा. बि... रा... जदार. अक्कलकोट. आन् हे आकडं हायत. एकोणीसशे सत्तावीस."

सगळ्यांच्या माना महानंदाबाईंकडं वळल्या.

"गंगव्वा?" महानंदाबाईंचा आवाज कुठून तरी खोलातून आला. "आजेसासूबाईंचं नाव गंगव्वाच. पण मंजे... हा खरंच त्यांचा हाय?"

"मंजे? तुमाला ठावं नव्हतं?" चंद्रव्वांनी विचारलं.

"ठावं व्हतं की!" महानंदाबाई सावरल्या. "ठावं असल्याबिगर बोलते का मी?"

पण त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य काही केल्या मावत नव्हतं. खोटं बोलायला जावं आणि ते खरं निघावं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. गंगव्वांच्या घरातून कधीतरी कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून बाहेर पडलेला करंडा कुंभारीची ट्रंक, सोलापूरचं लॉकर आणि केमचं डोहाळजेवण करून घरी परतला होता. पण हा सगळा नकाशा फक्त राजेश्वरीच्या आणि तिच्या सासूच्या डोक्यात होता, आणि दोघींनी तो तिथंच ठेवला.

"मग झाकणावरचं नाव?" बसवेशनं प्रामाणिकपणे विचारलं.

"कसलं नाव?" महानंदाबाई म्हणाल्या. "मला काय दिसलं न्हाय बाई."

"मलाबी न्हाय," चंद्रव्वा म्हणाल्या. "नंदीश, ती झाकणाची लिंक फिंक काय हाय ती पुसून टाक."

सोनाली उठून आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. बसवेश केळी ठेवायला म्हणून तिच्या मागं गेला आणि केळी ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

जाताना महानंदाबाईंनी करंडा पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि आपल्या पर्समध्ये घालून चेन ओढली. "एवढा मोठा ठेवा, असा हितं तितं ठेवायचा नसतो. लग्न झाल्यावर सोनालीचाच हाय की." पत्रिकेवर मात्र तळाचाच फोटो हवा, कानडी अक्षरांसकट, हे त्यांनी तीनदा बजावलं.

त्या पत्रिकेनं पुढचा घोळ केला. कलशेट्टींच्या पातेल्याखाली ठेवलं की शंभर वर्षांपूर्वीचं पुसलेलं नावसुद्धा उठतं, ही बातमी नातेवाइकांत तीन दिवसांत पसरली. लग्नाचा आहेर द्यायचा तर सगळ्यांनाच होता. चौथ्या दिवशी चंद्रव्वांची जाऊ आली, हातरुमालात गुंडाळलेली निरांजनं घेऊन. "सहज आले व्हते. फोटो कसा येतोय बघावं म्हणलं." मग बाळीवेशीतल्या दोघी आल्या. मग केमहून मावसबहीण आली, ती तर पिशवीच घेऊन. नंदीश भारावून गेला. लोकांना अखेर आपल्या वारशाची किंमत कळली, असं त्यानं कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. कुणी चादरी टांगायची, कुणी आधी बसायचं, हे चंद्रव्वा बघू लागल्या. माऊस तर त्या आता नंदीशपेक्षा सराईत चालवत.

लग्नाच्या आठवडाभर आधी कुंभारीहून लीलावतीबाई आल्या. पुट्टीचे मुके घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून चांदीचा पेला काढला. "सोनालीसाठी आणलाय. तेवढा ठेवून बघता का? म्हणजे... चांगला दिसतो का, एवढंच."

पेला राजेश्वरीनं लगेच ओळखला. पुट्टीच्या बारशाला चंद्रव्वांनीच लीलावतीबाईंना दिलेला. ती काही बोलणार, तोवर चंद्रव्वांनी पातेलं पालथं घातलंसुद्धा.

दिवे झाले. चित्र आलं. चंद्रव्वांनी उजेड आडवा नेला आणि पेल्याच्या काठाखाली ठिपके उठले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. राजेश्वरीनं पुट्टीला उचलून छातीशी धरलं आणि एक पाऊल दाराकडं सरकली.

चंद्रव्वा विहिणीच्या कानाशी वाकल्या.

"विहीणबाई, 'चंद्र' ग्येलाय छान. 'व्वा' तेवढा राहिलाय बघा, हितं. सराफाकडनं आणखी एक हात मारून आणा, मंग कुणाला कळायचं न्हाय."